नदी खालून अडते तेव्हा : वैनगंगेचा फुगवटा आणि भंडाऱ्याचा पूर

नदीला पूर का येतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. वर धो धो पाऊस पडतो, पाणी उतारावरून खाली येते आणि नदीच्या पात्रात मावेनासे होते. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अर्धेच आहे. एखाद्या गावापाशी नदीची पातळी किती चढेल, हे वरून येणाऱ्या पाण्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते पाणी पुढे सरकायला वाट मोकळी आहे की नाही, यावरही असते. वाट अडली की पाणी मागे तुंबते. यालाच जलसंपदा खात्याच्या भाषेत ‘फुगवटा’ म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील वैनगंगाकाठच्या माणसाला या शब्दाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने तो शब्द घराघरांत पोहोचवला.

वैनगंगेचा प्रवास

वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात, सातपुड्याच्या पठारावर मुंडारा गावाजवळ होतो. शिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांतून मोठे वळण घेत ती महाराष्ट्राच्या सीमेवर येते आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना स्पर्श करीत दक्षिणेकडे वाहते. पुढे वर्धा नदी तिला मिळते आणि या दोघींचा प्रवाह ‘प्राणहिता’ या नावाने गोदावरीकडे जातो. वाटेत बाघ, बावनथडी, कन्हान, चुलबंद, गाढवी अशा अनेक नद्या वैनगंगेत आपले पाणी ओततात. त्यांपैकी कन्हान सर्वांत महत्त्वाची. कारण तिच्यामागे पेंच नदीचे पाणी आहे आणि पेंचवर तोतलाडोह व नवेगाव खैरी ही मोठी धरणे आहेत.

वैनगंगेच्या पाणलोटाचा वरचा भाग मध्य प्रदेशात आहे. त्यामुळे भंडाऱ्यात आकाश निरभ्र असतानाही नदीला पूर येऊ शकतो. शिवनी, छिंदवाडा, बालाघाट या जिल्ह्यांत दोन दिवस मुसळधार पाऊस झाला की शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर अर्थात भीमगड धरणातून विसर्ग सुरू होतो. बावनथडीवरील राजीव सागर, बाघ नदीच्या खोऱ्यातील पुजारीटोला, गोंदिया जिल्ह्यातील धापेवाडा बंधारा या साऱ्यांचे दरवाजे एकामागोमाग उघडले जातात. हे सर्व पाणी भंडारा शहराजवळच्या कारधा पुलाखालून जाते. म्हणूनच पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचे लक्ष पर्जन्यमापकापेक्षाही कारध्याच्या पाणीपातळीकडे अधिक असते. येथील इशारा पातळी २४५ मीटर, तर धोका पातळी २४५.५० मीटर धरली जाते. पाणी या पातळीकडे सरकू लागले की कारध्याचा जुना लहान पूल वाहतुकीस बंद होतो आणि काठच्या वस्त्यांना स्थलांतराच्या सूचना दिल्या जातात.

ऑगस्ट २०२० : गणेशोत्सवातील महापूर

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. संजय सरोवरातून मोठा विसर्ग करावा लागला. त्याच सुमारास पेंचच्या खोऱ्यातही पावसाने कहर केला आणि तोतलाडोहाचे सर्व १४ व नवेगाव खैरीचे सर्व १६ दरवाजे उघडण्याची वेळ आली. म्हणजे एकाच वेळी वैनगंगाही दुथडी भरून आली आणि कन्हानही. गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडे होते. तरीही भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतील गावांनाही फटका बसला. धरणाच्या खाली चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका आणि गडचिरोली जिल्ह्यातील गावे जलमय झाली. ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडज हे गाव चारही बाजूंनी पाण्याने वेढले गेले. राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांना बोटी घेऊन उतरावे लागले.

दिवस गणेशोत्सवाचे होते आणि वर्ष कोरोनाचे. एरवी पूरग्रस्तांना शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या सभागृहात दाटीवाटीने ठेवता येते. त्या वर्षी दाटीवाटी हाच धोका होता. रोवणी होऊन महिनाभर झालेले धान बांध्यांमध्येच बुडाले. पुराचे पाणी ओसरल्यावर बऱ्याच शेतांत उभ्या पिकाऐवजी गाळ राहिला.

पुराचे मूळ कारण पाऊस होते, यात शंका नाही. परंतु पूर ओसरल्यानंतर जिल्ह्यात जी चर्चा झाली ती पावसाची नव्हती. पाणी इतका वेळ का थांबले, आणि नदीपासून दूर असलेल्या वस्त्यांत ते नाल्यांवाटे उलटे कसे आले, हा लोकांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर फुगवट्यात आहे.

फुगवटा म्हणजे काय?

घराच्या मोरीचे उदाहरण घेतले तर ही गोष्ट सहज कळते. नळ नेहमीच्याच धारेने सुरू आहे, पण मोरीच्या तोंडाशी काहीतरी अडकले आहे. नळाची धार वाढलेली नसतानाही मोरीत पाणी साचते. नदीच्या बाबतीत हे अडकणारे ‘काहीतरी’ तीन प्रकारचे असू शकते. पहिले, मानवनिर्मित अडथळा : धरण, बंधारा, अरुंद कमानींचा पूल, पात्रात केलेला भराव. दुसरे, संगम : खाली मिळणारी दुसरी नदी अगोदरच तुडुंब भरलेली असेल तर वरच्या नदीचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही आणि मागे चढत जाते. तिसरे, नैसर्गिक अडथळा : दरड, वाहून आलेली झाडे, आणि थंड प्रदेशांत बर्फ.

भंडाऱ्याच्या दुर्दैवाने, किंवा भूगोलाने म्हणा, पहिले दोन्ही अडथळे शहराच्या खालच्या बाजूला एकत्र आले आहेत. भंडारा आणि गोसीखुर्द यांच्या दरम्यान आंभोरा येथे कन्हान वैनगंगेला मिळते. आंभोरा हे चैतन्येश्वराचे देवस्थान म्हणून आणि पाच नद्यांचा संगम म्हणून विदर्भात प्रसिद्ध आहे; २०२४ मध्ये तेथे केबलच्या आधारावरील नवा पूल खुला झाल्यापासून पर्यटकांचीही गर्दी होते. पूरशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा संगम म्हणजे एक झडप आहे. तोतलाडोहाचे पाणी घेऊन कन्हान फुगली की ती वैनगंगेला येथे थोपवून धरते. त्याच्याही खाली, पवनी तालुक्यात, गोसीखुर्दचा जलाशय आहे आणि आंभोऱ्याचा संगम त्या जलाशयातच येतो.

गोसीखुर्द : दोन सारखे आकडे

गोसीखुर्द प्रकल्पाची, अर्थात इंदिरा सागराची, पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. ३७२ कोटी रुपयांच्या अंदाजाने सुरू झालेल्या या प्रकल्पाचा खर्च पुढे अनेक पटींनी वाढला. २००९ मध्ये केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणणे हे त्याचे उद्दिष्ट. धरणाची लांबी ११ किलोमीटरहून अधिक आहे. एकूण साठवण क्षमता १,१४६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ४० टीएमसी. त्यातील उपयुक्त साठा सुमारे ७४० दशलक्ष घनमीटर. पूर्ण संचय पातळी, म्हणजे जलाशय काठोकाठ भरल्यावरची पातळी, २४५.५० मीटर.

वर दिलेली कारध्याची धोका पातळी आणि ही पूर्ण संचय पातळी, दोन्ही आकडे सारखेच आहेत. पवनी भंडाऱ्यापासून रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर आहे आणि धरण पवनीच्या वरच्या अंगाला. तरीही धरण पूर्ण भरले की त्याचे पाणी नदीच्या पात्रातून मागे सरकत भंडारा शहराच्या काठापर्यंत येते, इतका येथील प्रदेश सपाट आहे. शहराजवळची वैनगंगा मग वाहती नदी न राहता जलाशयाची शेपटी होते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शांत जलाशयाचा पृष्ठभाग सपाट असतो. पुराच्या वेळी तो तसा राहत नाही. पाण्याला पुढे सरकण्यासाठी उतार लागतो. त्यामुळे धरणाच्या भिंतीशी पातळी २४५.५० मीटर असली तरी जलाशयाच्या वरच्या टोकाशी, म्हणजे भंडाऱ्याकडे, ती त्याहून अधिक असते. पूर जितका मोठा, तितका हा फरक जास्त. म्हणूनच केवळ पूर्ण संचय पातळीची रेषा नकाशावर ओढून तिच्या आतील जमीन बुडीत आणि बाहेरची सुरक्षित, असे म्हणता येत नाही. भूसंपादनाच्या रेषेबाहेर राहिलेल्या शेतात पाणी आले की शेतकरी बुडितात गेल्याचे सांगतो आणि कागद त्याला बुडिताबाहेर दाखवतो. या वादाच्या मुळाशी पाण्याचा हाच उतार आहे.

धरण पूर पोटात घेऊ शकते का?

‘धरण रिकामे ठेवले असते तर पूर आलाच नसता’ हे वाक्य प्रत्येक महापुरानंतर ऐकू येते. ते किती खरे, हे साध्या गणिताने तपासता येते. प्रवाह मोजण्याचे एकक क्युमेक, म्हणजे सेकंदाला एक घनमीटर किंवा एक हजार लिटर. ऑगस्ट २०२० च्या पुराच्या तोडीचा, म्हणजे ३० हजार क्युमेकच्या आसपासचा प्रवाह धरला, तर तासाभरात १०८ दशलक्ष घनमीटर पाणी येते. गोसीखुर्दचा संपूर्ण उपयुक्त साठा रिकामा असला, तरी तो सात तासांच्या आत भरून जाईल. महापूर मात्र दोन-तीन दिवस चालतो. याचा अर्थ असा, की मोठा पूर अडवून ठेवणे या धरणाच्या आवाक्यातील गोष्ट नाही.

मग पातळी आधीच कमी करण्याला काही अर्थ उरत नाही काय? तसेही नाही. पूर येण्यापूर्वी जलाशयाची पातळी खाली असेल तर फुगवट्याचे शेपूट शहरापासून दूर राहते, वरून येणाऱ्या पाण्याला उतार मिळतो आणि पुराचे पहिले काही तास हाती लागतात. हे काही तासच माणसे, जनावरे आणि धान्य हलवायला पुरतात. मात्र त्यासाठी दरवाजे आधी उघडावे लागतात, आणि ते उघडले की खालच्या ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली परिसरातील गावांच्या अडचणीत भर पडते. उशीर केला तर भंडारा बुडते. घाई केली तर गडचिरोली. शिवाय पाऊस अपेक्षेप्रमाणे आला नाही तर रब्बीचे पाणी वाया घालवल्याचा ठपका अभियंत्यांवर येतो. धरणाच्या दरवाजावरील हा निर्णय म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही.

उत्तर ध्रुवाजवळच्या नद्या : बर्फाचा बांध

वैनगंगेची ही व्यथा जगावेगळी नाही. सायबेरिया, अलास्का आणि उत्तर कॅनडातील नदीकाठच्या गावांना दरवर्षी वसंत ऋतूत याच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. तेथे धरणाची जागा बर्फ घेतो. हिवाळ्यात या नद्यांवर बर्फाचा जाड थर जमतो. वसंतात वरचे हिम वितळून नदीत पाणी वाढू लागते, बर्फाचे कवच उचलले जाते, तडकते आणि त्याचे मोठाले तुकडे प्रवाहाबरोबर निघतात. पुढे एखादे वळण, बेट, पूल किंवा न फुटलेला बर्फ आडवा आला की हे तुकडे एकमेकांवर चढतात आणि पात्रात बांधच घातला जातो. मागचे पाणी काही तासांत कित्येक मीटर चढते.

सायबेरियातील लेना किंवा कॅनडातील मॅकेन्झी यांसारख्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. दक्षिणेत उन्हाळा आधी येतो. वरच्या भागातील बर्फ फुटून निघतो तेव्हा खालचा भाग अजून गोठलेलाच असतो. वरून पाणी येते आहे आणि खाली दार बंद आहे, अशी ही स्थिती. मे २००१ मध्ये लेना नदीकाठचे लेन्स्क हे शहर अशाच पुरात उद्ध्वस्त झाले. बर्फाचा बांध फोडण्यासाठी रशियाला लढाऊ विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. मे २०१३ मध्ये अलास्कातील युकॉन नदीवरचे गलीना हे गाव बुडाले. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे भंडाऱ्याच्या महापुराच्या चारच महिने आधी, कॅनडातील फोर्ट मॅकमरे शहरातून सुमारे १३ हजार लोकांना बाहेर काढावे लागले. अथाबास्का नदीत बर्फ अडकून तिचे पाणी क्लिअरवॉटर या उपनदीत मागे शिरले होते. मोठी नदी अडली की उपनदी उलटी फुगते, हे फोर्ट मॅकमरेचे चित्र आंभोऱ्याला आणि भंडाऱ्यातील नाल्यांना चांगलेच परिचित आहे.

बर्फाच्या पुरातून मिळणारा धडा आपल्यालाही उपयोगी आहे. तेथील सर्वाधिक पाणीपातळी पुष्कळदा सर्वाधिक प्रवाहाच्या दिवशी नोंदली जात नाही. उन्हाळ्यातील पावसाच्या मोठ्या पुरापेक्षा निम्म्या पाण्यातही बर्फ अडकल्यामुळे गाव बुडू शकते. म्हणून तेथील यंत्रणा ‘किती पाणी येते आहे’ एवढेच विचारत नाहीत. ‘खाली वाट कुठवर मोकळी आहे’ हेही पाहतात. नदीवरून विमाने फिरवून आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बर्फ कुठे फुटला, कुठे अडला याची नोंद ठेवली जाते. अलास्कातील ननाना या गावात तर १९१७ पासून नदीवरील बर्फ नेमका कधी फुटेल यावर पैज लावण्याची प्रथा आहे. करमणूक म्हणून सुरू झालेल्या या पैजेतून शंभराहून अधिक वर्षांच्या तारखांची नोंद तयार झाली आणि ती आज हवामानबदलाच्या अभ्यासकांच्या कामी येते.

या पुरांची दुसरी बाजूही आहे. कॅनडातील पीस आणि अथाबास्का नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात उंचावरची तळी बर्फाच्या पुरानेच भरतात. पूर आला नाही तर ती आटतात आणि त्यांवर जगणारे मासे, पक्षी व माणसे अडचणीत येतात. वैनगंगेच्या काठालाही पुराने दिलेला गाळ नवा नाही. पूर्वी पाणी उतरल्यावर नदीच्या वाळूत ढिवर समाजाची कुटुंबे डांगरवाड्या लावीत. कलिंगड, खरबूज, काकडीचे पीक घेत. त्यासाठी पाणी उतरणे आवश्यक असते. वाहत्या नदीच्या जागी वर्षभराचा जलाशय आला की वाळू उघडी पडत नाही.

शहरात पाणी शिरते कुठून?

महापुराच्या छायाचित्रांत नदी काठ ओलांडून शहरात घुसताना दिसते. प्रत्यक्षात अनेक वस्त्यांत पाणी येते ते नाल्यांतून. शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी नाल्यांवाटे नदीत जाते. नदीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की प्रवाह उलटा फिरतो आणि नदीपासून दूर असलेल्या घरांच्या अंगणात नाल्याचे पाणी उभे राहते. संरक्षक भिंत किंवा बांध घालून नदी बाहेर ठेवता येते. पण मग नाल्याच्या तोंडाशी झडपा बसवाव्या लागतात, आणि झडप बंद केल्यावर शहरात पडणारा पाऊस बाहेर टाकण्यासाठी पंपही लागतात. यापैकी एक जरी कमी पडला तरी भिंतीच्या आतच तळे होते.

फुगवट्याचे आणखी एक रूप पावसाळा संपल्यावर दिसते. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येते. वाहती नदी घाण पुढे नेते; थांबलेले पाणी ती साठवते. भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आणि जलाशयावर पसरणाऱ्या जलपर्णीचा प्रश्न याच साचलेल्या पाण्याशी जोडलेला आहे.

फुगवट्याचे राजकारण आणि मोजमाप

फुगवट्याचा वाद एकट्या भंडाऱ्याचा नाही. कृष्णा खोऱ्यात सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरानंतर कर्नाटकातील अलमट्टी धरणाकडे बोट दाखवले गेले. राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरले नाही. तरीही उंची वाढविण्याच्या प्रस्तावावरून हा वाद धुमसतच राहिला. वैनगंगेचे पाणी जेथे गोदावरीला मिळते, त्याच्या खालच्या बाजूस तेलंगणाने २०१९ मध्ये मेडीगड्डा बंधारा कार्यान्वित केला. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातील शेतकरी तेव्हापासून त्याच्या फुगवट्याची तक्रार करीत आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे काही खांब खचल्याने त्याच्या बांधणीविषयीच प्रश्न उभे राहिले.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. फुगवटा हा आरोपाचा नव्हे, तर मोजण्याचा विषय आहे. धरणापासून जलाशयाच्या शेपटापर्यंत ठिकठिकाणी पातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रे असतील, त्यांच्या दर तासाच्या नोंदी सर्वांना उपलब्ध असतील आणि नदीपात्राची उंची ठरावीक वर्षांनी नव्याने मोजली जात असेल, तर कोणत्या पुरात धरणाचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे सांगता येते. नोंदी नसतील तर प्रत्येक बाजू आपापली खात्री बाळगते.

पूररेषा आणि शेतकरी

जलसंपदा विभागाच्या नियमांनुसार नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध. तेथे बांधकाम नको. निळ्या आणि लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित. तेथे अटींवरच बांधकाम. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी अनेकांचा गैरसमज होतो. असा पूर आला म्हणून पुढची ९९ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, एवढेच. २०२० नंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, भंडारा जिल्ह्याने पुन्हा पूर पाहिला.

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. धानाला पाणी हवे असते, पण बुडणे मानवत नाही. शेंड्यासह पूर्ण बुडालेले साधे वाण आठवडाभरात कुजू लागते. जितके दिवस पाणी थांबते, तितके नुकसान वाढते. म्हणजे शेतकऱ्यासाठी पुराच्या उंचीइतकाच त्याचा मुक्काम महत्त्वाचा आहे आणि फुगवटा हा मुक्काम लांबवतो. बुडूनही दोन आठवड्यांपर्यंत तग धरणारे ‘स्वर्णा सब-१’ हे वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले. पूरप्रवण गावांसाठी अशा वाणांचा विचार होण्यासारखा आहे. ऑगस्टअखेर पीक गेले की दुसऱ्या रोवणीला वेळ उरत नाही. पऱ्हेही शिल्लक नसतात. मग तलाठ्याचा पंचनामा आणि मदतीची यादी, यांवरच वर्ष काढावे लागते.

नागरिकांनी काय पाहावे?

पावसाळ्यात रोज प्रसृत होणाऱ्या पूर अहवालात अनेक आकडे असतात. त्यांतील चार आकडे भंडारेकरांनी एकत्र वाचायला हवेत. संजय सरोवर आणि धापेवाडा येथून सुटणारा विसर्ग. तोतलाडोह व नवेगाव खैरीतून कन्हानकडे येणारे पाणी. कारध्याची पातळी आणि ती चढते आहे की उतरते आहे. आणि गोसीखुर्दची पातळी व उघडे दरवाजे. वरचे दोन्ही विसर्ग एकाच वेळी वाढत असतील आणि गोसीखुर्द भरलेले असेल, तर कारध्याचे पाणी इशारा पातळीच्या खाली असतानाही सामान हलविण्यास सुरुवात करणे शहाणपणाचे. यातील एखादाच आकडा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे ठरू शकते. आपल्या घरावर पाऊस नाही, हा तर वैनगंगेच्या बाबतीत निकषच नव्हे.

वरच्या धरणातून सुटलेले पाणी भंडाऱ्यात पोहोचायला वेळ लागतो. तोच आपला पूर्वसूचनेचा काळ. तो वाया जाऊ नये यासाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांच्या नियंत्रण कक्षांत, तसेच नागपूर, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या प्रशासनांत माहितीची देवाणघेवाण तासागणिक होणे आवश्यक आहे. नदी एकच असली तरी तिच्या दरवाजांच्या चाव्या अनेकांच्या हाती आहेत.

गोसीखुर्दचे पाणी पूर्व विदर्भातील शेतीला हवे आहे, आणि त्यासाठी भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावांनी आपली घरे-शेते दिली आहेत. धरण असावे की नसावे, हा प्रश्न आता मागे पडला आहे. ते पावसाळ्याच्या कोणत्या आठवड्यात किती भरावे, आणि हे ठरविताना कारध्याच्या पुलापासून लाडजच्या बेटापर्यंतच्या लोकांचा विचार कसा व्हावा, हा प्रश्न मात्र दर जून महिन्यात नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तर ऑगस्टअखेरच्या एखाद्या रात्री घाईने शोधण्यापेक्षा पहिल्या पावसाआधी ठरवून ते गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेले असणे केव्हाही चांगले.